दिरियाची अमिरात

रियाध शहराच्या वायव्येला वादी हनीफा नावाची नदी वळणे घेत जाते. नदी म्हणायची ती नावापुरती. वर्षातले बहुतेक दिवस तिच्या पात्रात वाळू आणि गोटेच दिसतात. पाऊस पडला की काही तास लोंढा येतो, आणि जमिनीत मुरलेले तेवढे पाणी काठच्या विहिरींना पुढे पुरते. या विहिरींच्या भरवशावर खजुराच्या बागा वाढल्या आणि बागांच्या आडोशाला मातीच्या विटांची गावे वसली. दिरिया हे त्यांतलेच एक गाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारपाजारच्या चारसहा गावांपलीकडे त्याचे नाव फारसे कोणी घेत नव्हते. शतक संपता संपता मात्र इराकच्या सीमेपासून ओमानच्या वाटेपर्यंतची गावे दिरियाला कर भरू लागली. १८०६ पर्यंत मक्का आणि मदिना ही दोन्ही तीर्थे तिच्या ताब्यात आली, आणि १८१८ मध्ये इजिप्तच्या तोफांपुढे ती पडली. या सत्तेला इतिहासात दिरियाची अमिरात किंवा पहिले सौदी राज्य म्हणतात. गावच्या अमिराने एका धर्मसुधारकाला आश्रय दिला, त्या आश्रयातून हे राज्य वाढले आणि त्याच्याच परिणामांनी ते संपलेही.

अरबस्तानच्या मधल्या पठाराला नज्द म्हणतात. पश्चिमेला हिजाजचे डोंगर, पूर्वेला दहनाच्या वाळूचा पट्टा आणि दक्षिणेला रुब अल-खाली हे मोठे वाळवंट, यांच्या मध्ये हा मुलूख सापडतो. उस्मानी तुर्कांनी सोळाव्या शतकात मक्का-मदिनेवर हक्क बसवला आणि पूर्वेकडचा अल-अहसाचा सुपीक प्रदेशही काही काळ घेतला, पण नज्द जिंकण्यात त्यांना कधी रस वाटला नाही. तिथून मिळण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे नज्दमध्ये प्रत्येक गाव स्वतंत्र होते. प्रत्येक गावाला आपला अमीर, आपली तटबंदी आणि आपले वैर होते. काही गावांत तर दोन घराणी अर्धे अर्धे गाव वाटून घेऊन एकमेकांवर पहारा ठेवत. सलग काही वर्षे पाऊस चुकला की कुटुंबेच्या कुटुंबे उठून बसराकडे किंवा अहसाकडे जात.

नज्दची शेती महाराष्ट्रातल्या माणसाला फारशी परकी वाटणार नाही. विहिरीवर लाकडी चाकाची मांडणी असे. उंट, बैल किंवा गाढव उतरणीवरून खाली चालले की कातड्याची मोट वर येई आणि आपोआप पाटात रिकामी होई. या पाण्यावर खजूर, गहू आणि जव पिकत. गावाभोवती अशी शेती करणारे, दुकान चालवणारे आणि कारवाँबरोबर व्यापाराला जाणारे लोक राहत. त्यांना हदर म्हणत. उंट-मेंढरे घेऊन चराईमागे फिरणाऱ्या टोळ्या म्हणजे बदाऊन, म्हणजेच बेदुईन. दोघांना एकमेकांची गरज होती आणि दोघांना एकमेकांचे भयही होते. दिरियाच्या राज्याला पुष्कळ जण बेदुईनांचे राज्य समजतात. तो गैरसमज आहे. हे राज्य उभे केले ते गावातल्या, विहिरी-बागांच्या आणि काजी-मुल्लांच्या जगातल्या माणसांनी. बेदुईन त्यात मागून ओढले गेले, आणि संधी मिळताच त्यातून निसटलेही.

दिरिया वसवल्याची परंपरागत तारीख १४४६ ची आहे. मानी अल-मुरैदी नावाचा एक कुटुंबप्रमुख पूर्वेकडच्या कातीफच्या बाजूने आपल्या माणसांसह आला. वादी हनीफातल्या एका नातलग अमिराने त्याला मुलैबीद आणि घसीबा या दोन जागा दिल्या. पुढची पावणेतीनशे वर्षे या घराण्याचा इतिहास म्हणजे भाऊबंदकी, खून आणि गादीपालट यांची मालिका आहे. तो सविस्तर सांगण्यासारखा नाही. १७२७ मध्ये मुहम्मद इब्न सौद अमीर झाला. त्याच्या वडिलांच्या नावावरूनच आजचे सौदी घराणे ओळखले जाते. सौदी अरेबियाने २०२२ पासून आपला स्थापनादिन या १७२७ शी जोडला आहे. जुन्या इतिहासकारांनी मात्र राज्याचा आरंभ १७४४ च्या कराराशी धरला होता. दोन तारखांमधला हा फरक किरकोळ नाही. राज्य घराण्याने उभारले की घराणे आणि धर्मोपदेशक या दोघांनी मिळून उभारले, हा प्रश्न त्यामागे आहे. १७२७ पासून १७४४ पर्यंत दिरिया शेजारच्या गावांपेक्षा फार वेगळी नव्हती, हे पाहता जुन्या इतिहासकारांचे म्हणणे अधिक पटते.

करारातला दुसरा पक्ष म्हणजे मुहम्मद इब्न अब्दुल वहाब. त्याचा जन्म १७०३ मध्ये दिरियापासून जवळच असलेल्या उयैना या तेव्हाच्या अधिक मोठ्या गावात झाला. घराणे हनबली पंथाच्या काजींचे होते. आजोबा नज्दमधले नावाजलेले विद्वान होते आणि वडील उयैनाचे काजी. शिक्षणासाठी तो मदिनेला गेला. तिथल्या त्याच्या गुरूंमध्ये मुहम्मद हयात अल-सिंधी हे हदीसचे विद्वान होते. त्यांचे मूळ गाव सिंध प्रांतातले होते, हे त्यांच्या नावावरूनच कळते. त्या काळची मदिना म्हणजे भारत, कुर्दिस्तान, माघ्रिब आणि येमेन इथून आलेल्या अभ्यासकांचे विद्यापीठच होते. पुढे तो बसराला गेला. तिथे त्याच्या मतांमुळे वाद झाला आणि त्याला शहर सोडावे लागले.

त्याची मते चौदाव्या शतकातल्या दमास्कसच्या इब्न तैमिया या विद्वानाच्या लिखाणावर पोसलेली होती. ईश्वर एक आहे एवढे तोंडाने म्हणणे पुरेसे नाही, भक्तीचा प्रत्येक प्रकार केवळ त्याच्याकडेच वळला पाहिजे, हा त्याच्या शिकवणीचा गाभा. संतांच्या कबरींपाशी नवस बोलणे, झाडाला चिंध्या बांधून मूल मागणे, मृत पीराला मध्यस्थ मानून हाका मारणे, हे सारे त्याच्या दृष्टीने शिर्क म्हणजे ईश्वराला भागीदार जोडणे होते. किताब अल-तौहीद या त्याच्या छोट्या पुस्तकात हीच मांडणी आहे. इथपर्यंतचे म्हणणे इतर सुधारकांनीही मांडले होते. त्याचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. समजावून सांगितल्यावरही जो या गोष्टी सोडणार नाही तो मुसलमान राहत नाही, आणि त्याच्याशी लढणे हा जिहाद आहे, असे तो म्हणे. त्याचा सख्खा भाऊ सुलैमान हा हुरैमिला गावचा काजी होता. त्याने याच मुद्द्यावर भावाविरुद्ध लेखणी उचलली. मुसलमानांना काफिर ठरवण्याचा हा मार्ग त्याला मान्य नव्हता. या चळवळीवरची सर्वांत आधीची टीका अशी घरातूनच झाली. चळवळीचे लोक स्वतःला मुवाहिदून, म्हणजे एकत्व मानणारे, म्हणवत. ‘वहाबी’ हे नाव विरोधकांनी दिले आणि तेच जगभर चालले.

वडिलांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७४० नंतर, त्याने उघड प्रचार सुरू केला. उयैनाचा अमीर उस्मान इब्न मुअम्मर याने त्याला पाठिंबा दिला. त्या बळावर त्याने पूज्य मानलेली झाडे तोडली. जुबैला गावातील जैद इब्न अल-खत्ताब यांच्या कबरीवरचा घुमट त्याने स्वतः पुढे होऊन पाडला. जैद हे दुसऱ्या खलिफांचे भाऊ, त्यामुळे ही बातमी दूरवर गेली. व्यभिचाराची कबुली दिलेल्या एका स्त्रीला दगडांनी ठार मारण्याची शिक्षा त्याने अमलात आणली, तेव्हा नज्दमध्ये खळबळ माजली. पूर्वेकडे अहसावर बनी खालिद टोळीची सत्ता होती. तिच्या प्रमुखाने उस्मानला निरोप धाडला की या माणसाला घालवून दे, नाहीतर अहसातून तुला मिळणारे उत्पन्न बंद होईल. उस्मानने नाइलाजाने मुहम्मद इब्न अब्दुल वहाबला, म्हणजे लोक ज्याला शेख म्हणत त्याला, गाव सोडायला सांगितले. शेख चालत दिरियाला आला.

दिरियात त्याचे स्वागत अमिराने नव्हे, तर आधी इतरांनी केले. तो एका शिष्याच्या घरी उतरला. अमिराचे भाऊ मिशारी आणि सुनय्यान त्याच्या बाजूचे होते. परंपरा सांगते की अमिराची पत्नी मूदी हिने नवऱ्याला या माणसाला मान देण्याचा सल्ला दिला. मग मुहम्मद इब्न सौद स्वतः त्याला भेटायला गेला. झालेल्या बोलण्याची हकीकत इब्न गन्नाम आणि इब्न बिश्र या नज्दच्या इतिवृत्तकारांच्या परंपरेतून आली आहे. अमिराला दोन शंका होत्या. पहिली अशी की आपण साथ दिली आणि यश आले, तर शेख आपल्याला सोडून दुसऱ्याकडे जाईल. दुसरी अगदी व्यवहाराची होती. सुगीच्या वेळी तो गावकऱ्यांकडून एक वाटा घेत असे आणि शेख तो बेकायदा ठरवील अशी त्याला भीती होती. शेखने पहिल्या शंकेवर रक्ताचे आणि जिवाचे नाते असल्याचे वचन दिले. दुसऱ्या शंकेवर त्याचे उत्तर असे होते की ईश्वर विजय देईल आणि त्यांतून मिळणारे या वाट्यापेक्षा मोठे असेल. हिजरी सन ११५७, म्हणजे १७४४ च्या सुमारास हा कौल झाला. या राज्याचे अर्थकारण त्या दुसऱ्या उत्तरात पूर्ण आले आहे. गावकऱ्यांवरचा जुना वाटा सोडायचा आणि त्या जागी युद्धातली लूट व जकात आणायची, असा तो बदल होता.

जकात या शब्दाशी मराठी वाचकाची ओळख आहे ती नाक्यावर मालावर भरायच्या कराच्या अर्थाने. अरबस्तानात तो मुसलमानाने उत्पन्नातून द्यायचा धार्मिक कर आहे. पावसावरच्या पिकाचा दहावा भाग, विहिरीच्या पाण्यावर काढलेल्या पिकाचा विसावा भाग, रोकड मालमत्तेवर शेकडा अडीच आणि जनावरांवर ठरलेल्या दराने, असे त्याचे नियम आहेत. यांतले काहीही नवे नव्हते. नवे होते ते हे की नज्दच्या सगळ्या गावांकडून आणि टोळ्यांकडून हा कर एकाच ठिकाणी जमा होऊ लागला. लुटीचा पाचवा हिस्सा राज्याच्या तिजोरीत जाई आणि उरलेले चार हिस्से लढणाऱ्यांत वाटले जात. पायदळाला एक वाटा असे आणि स्वाराला दोन. टोळ्यांमध्ये एकमेकांची उंटे पळवण्याची धाड, म्हणजे गझू, पूर्वीपासून चालत आली होती. आता तीच धाड धर्मयुद्ध ठरली आणि तिचा हिशेब ठेवला जाऊ लागला.

पहिली तीस वर्षे मात्र यश फार सावकाश आले. सर्वांत मोठा अडथळा जवळच होता. रियाधचा अमीर दह्हाम इब्न दव्वास दिरियाशी १७४६ पासून लढत राहिला. तह होत, मोडत आणि पुन्हा धाडी सुरू होत. सत्तावीस वर्षे चाललेल्या या झुंजीत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ४,००० माणसे गेली, असे इतिवृत्तकार सांगतात. एवढ्याशा गावांसाठी ही संख्या प्रचंड आहे. मधल्या काळात हुरैमिला उलटले आणि पुन्हा जिंकावे लागले. उस्मान इब्न मुअम्मर या जुन्या पाठिराख्यावर फितुरीचा संशय आला आणि १७५० मध्ये शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीतच त्याला ठार करण्यात आले.

१७६४ च्या सुमाराला तर राज्य संपलेच होते. दक्षिणेकडून नज्रानचा अधिपती हसन अल-मक्रमी चालून आला आणि अल-हाइर इथे त्याने दिरियाच्या फौजेचा धुव्वा उडवला. मक्रमी घराणे इस्माइली पंथाच्या सुलैमानी शाखेचे दाई, म्हणजे पंथप्रमुख. याच शाखेचे अनुयायी गुजरातेत आणि मुंबईत सुलैमानी बोहरा म्हणून ओळखले जातात, आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांचे घराणे त्यांतलेच. ज्या पंथप्रमुखाच्या गादीला मुंबईतली कुटुंबे मानत होती, तिनेच सौदी राज्याला पहिला मोठा तडाखा दिला. शेखने वाटाघाटी करून आणि कैदी सोडून नज्रानकरांना परत पाठवले. त्यामागोमाग बनी खालिदची फौज तोफा घेऊन आली, पण मातीच्या तटांपुढे तिचे काही चालले नाही. १७६५ मध्ये मुहम्मद इब्न सौद वारला आणि त्याचा मुलगा अब्दुल अजीज गादीवर आला.

अब्दुल अजीजच्या काळात राज्याला खरा आकार आला. १७७३ मध्ये दह्हाम थकून रियाध सोडून पळाला. भर उन्हाळ्यात त्याच्यामागे निघालेले कित्येक जण वाटेत तहानेने मेले. यानंतर शेखने राज्यकारभारातून अंग काढून घेतले आणि १७९२ मध्ये मरेपर्यंत तो शिकवण्यात रमला. त्याआधी, १७८८ मध्ये, अब्दुल अजीजचा मुलगा सौद याच्या नावाने वारसपदाची शपथ शेखने लोकांकडून घेववली. भाऊबंदकीच्या नज्दमध्ये गादीचा वारस बाप जिवंत असताना ठरणे हीच मोठी सुधारणा होती. उत्तरेकडचा कसीम आणि जबल शम्मर राज्यात आले. १७९० च्या दशकात बनी खालिदचा पाडाव होऊन अहसा हाती आले, आणि त्याबरोबर भरपूर पाणी, लाखो खजुरीची झाडे, शिया शेतकऱ्यांची मोठी वस्ती आणि इराणी आखातावरची बंदरे मिळाली. गरीब नज्दला कधी नव्हे ते समुद्राचे उत्पन्न मिळू लागले. अहसाच्या शियांना त्यांच्या धार्मिक विधींवरची बंधने सोसावी लागली आणि त्यांनी बंड केले तेव्हा ते कठोरपणे मोडले गेले.

जिंकलेल्या गावाची व्यवस्था ठरलेली असे. शरण आलेल्या अमिराला बहुधा जागेवर राहू देत, पण त्याचे नातलग दिरियात ओलीस ठेवत. दिरियाहून काजी पाठवला जाई, मशिदीत पाच वेळच्या नमाजाची हजेरी घेतली जाई आणि जकात वसूल करणारे दर वर्षी येत. खडे सैन्य नव्हते. मोहीम निघाली की प्रत्येक गावाने आणि टोळीने ठरलेली माणसे, त्यांचे उंट आणि शिधा घेऊन ठरलेल्या विहिरीवर जमायचे. ज्या टोळीच्या हद्दीत वाटसरू लुटला गेला त्या टोळीने भरपाई द्यायची, असा नियम होता. याचा परिणाम बाहेरच्यांनीही नोंदवला आहे. १८१४ मध्ये मक्केत राहिलेला स्विस प्रवासी बुर्कहार्ट लिहितो की या राज्यात एकटा व्यापारीही माल घेऊन वाळवंट निर्धास्तपणे पार करी. पिढ्यान्‌पिढ्या धाडींची सवय असलेल्या मुलखात हे घडले, आणि या राज्याची ही सर्वांत मोठी कामगिरी मानायला हवी.

या काळातली दिरिया दोन काठांवर पसरली होती. पश्चिमेच्या चुनखडीच्या कड्यावर तुरैफ हा राजघराण्याचा भाग होता. तिथले सलवा हे राजवाड्यांचे संकुल मातीच्या विटांनी आणि दगडी पायांवर कित्येक मजले चढले होते. समोरच्या काठावर बुजैरी भागात शेखची मशीद आणि शिकवणी होती. पूर्वीचे घसीबा बाजूला पडले होते. इब्न बिश्रने या शहराचा बाजार भरभराटीत असताना पाहिला होता. माणसे, शस्त्रे, उंट, घोडे, कापड आणि दूरदूरचे व्यापारी यांची त्यातली गर्दी त्याने मोठ्या हळव्या मनाने वर्णिली आहे. नज्दचे घोडे बसरा आणि कुवेत मार्गे मुंबईच्या बाजारातही येत.

पण याच वर्षांत राज्याने त्या मर्यादा ओलांडल्या ज्यांच्या आत त्याला कोणी हात लावला नसता. १८०२ मध्ये सौदच्या नेतृत्वाखालची फौज इराकमध्ये शिरली आणि करबला शहरावर तुटून पडली. इमाम हुसैन यांच्या दर्ग्याचा घुमट फोडला, आतले जडजवाहीर लुटले आणि हजारो माणसे कापली. खुद्द सौदीच्या बाजूच्या इब्न बिश्रने मृतांचा आकडा सुमारे २,००० दिला आहे. लखनौचा मिर्झा अबू तालिब खान युरोपहून परतताना काही महिन्यांनी तिथे पोहोचला. लोकांच्या तोंडून ऐकलेली हकीकत त्याने आपल्या फारसी प्रवासवर्णनात लिहिली, तीत मृतांचा आकडा ५,००० आहे. या कत्तलीला धर्माची कोणतीही मांडणी झाकू शकत नाही. नि:शस्त्र यात्रेकरूंच्या शहरावर केलेला तो हल्ला होता. १८०३ मध्ये दिरियाच्या तुरैफमधल्या मशिदीत नमाज पढत असताना अब्दुल अजीजला दर्वेशाच्या वेशात आलेल्या माणसाने भोसकले. तो करबलाचा सूड होता असे तेव्हाही बोलले गेले.

त्याच वर्षी सौदने हिजाजकडे मोर्चा वळवला होता. ताइफमध्ये भयंकर रक्तपात झाला. मक्केचा अधिपती शरीफ गालिब जिद्दाला पळाला आणि मक्का न लढता उघडी झाली. शेखचा मुलगा अब्दुल्ला सौदबरोबर शहरात शिरला आणि चळवळीची मते समजावणारे एक पत्र त्याने मक्कावासीयांसाठी लिहिले. त्यात त्याने आपण नवा पंथ काढलेला नाही, हनबली परंपरेतलेच आहोत, असे आवर्जून सांगितले. ताबा पुरता पक्का व्हायला १८०६ उजाडले. तोवर मदिनाही शरण आली होती. मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट पाडण्यात आले आणि पैगंबरांच्या कबरीच्या खोलीतला शतकानुशतकांचा खजिना बाहेर काढण्यात आला. तंबाखू आणि हुक्क्यावर बंदी आली. खुत्ब्यातून, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनातून, उस्मानी सुलतानाचे नाव गेले. १८०७ मध्ये दमास्कसहून निघालेला सुलतानाचा हाजींचा तांडा अर्ध्या वाटेवरून परत फिरवला गेला. त्याच वर्षी अली बे हे नाव घेऊन फिरणारा स्पॅनिश प्रवासी दोमिंगो बादिया मक्केत होता. हजारो नज्दी, एका वस्त्रानिशी आणि हातात बंदुका घेऊन, काबाभोवती फिरताना त्याने पाहिले. त्यांच्या लोंढ्याने तो घाबरला, पण ते बाजारात घेतलेल्या वस्तूचे पैसे चोख देतात, हेही त्याने लिहून ठेवले.

सुलतान स्वतःला दोन पवित्र स्थानांचा सेवक म्हणवत असे. हज थांबला म्हणजे त्याच्या सत्तेचा आधारच हलला. बगदादच्या पाशाने आधी केलेली मोहीम फसली होती आणि दमास्कसच्या पाशाचेही काही चालले नाही. मग इस्तंबूलने हे काम इजिप्तचा महत्त्वाकांक्षी सुभेदार मुहम्मद अली याच्याकडे सोपवले. त्याने ते स्वतःच्या फायद्यासाठीही वापरले. १ मार्च १८११ रोजी आपला मुलगा तुसून याला अरबस्तानच्या मोहिमेची सूत्रे देण्याचा समारंभ कैरोच्या किल्ल्यात ठेवून, त्यासाठी बोलावलेल्या आपल्या प्रतिस्पर्धी ममलूक सरदारांची त्याने कत्तल केली. तुसून पहिली लढाई वादी सफ्रात हरला, पण १८१२ च्या शेवटी मदिना आणि १८१३ च्या आरंभी मक्का त्याने परत मिळवली. तुराबा या गावी मात्र इजिप्ती फौजेला मार खावा लागला. तिथल्या प्रतिकाराचे नेतृत्व गालिया अल-बक्मिया नावाच्या स्त्रीने केले. इजिप्ती सैनिक तिला चेटकीण समजत.

मे १८१४ मध्ये सौद तापाने वारला. हा धक्का मोठा होता, कारण टोळ्यांना धाकात ठेवण्याची ताकद त्याच्यात होती. त्याचा मुलगा अब्दुल्ला शूर होता, पण त्याला ती हातोटी नव्हती. जानेवारी १८१५ मध्ये बिसल इथे खुद्द मुहम्मद अलीने सौदी सैन्याचा पराभव केला. समोरासमोरच्या लढाईत हे राज्य टिकणार नाही हे तिथे ठरले. तह झाला, पण कोणाचाही त्यावर विश्वास नव्हता. १८१६ मध्ये मुहम्मद अलीचा मुलगा इब्राहिम पाशा नवी फौज, तोफा आणि भरपूर पैसा घेऊन उतरला. नज्द जिंकण्यात त्याच्या तोफांइतकाच त्याच्या थैल्यांचाही वाटा होता. टोळ्यांना उंटांचे भाडे रोख मिळू लागले, आणि मुतैरसारखी मोठी टोळी त्याच्याकडे गेली. बेदुईनांची निष्ठा लुटीच्या वाट्यावर उभी होती. लूट थांबली तेव्हा ती निष्ठाही थांबली. अल-रस्स या गावाने तीन महिन्यांहून अधिक वेढा सोसून त्याला अडवले. मग कसीम आणि शक्रा पडले. दुर्मा या गावाने झुंज दिली आणि तिथे कत्तल झाली.

एप्रिल १८१८ मध्ये दिरियाला वेढा पडला. वादीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांवर बुरूज होते आणि गावकरी घराण्या-घराण्यांनी आपापली बाजू लढवत होते. जूनमध्ये इब्राहिमचा दारूगोळ्याचा साठा स्फोटात उडाला. काही दिवस त्याची फौज अक्षरशः रिकाम्या हाती होती, पण दिरियाकरांना त्याचा फायदा उठवता आला नाही. त्याला नवी कुमक येत राहिली आणि आत अन्न संपत गेले. सप्टेंबरमध्ये अब्दुल्लाने शहर वाचवण्याच्या अटीवर स्वतःला स्वाधीन केले. त्याला कैरोला नेले. इजिप्तचा इतिहासकार अल-जबर्तीने त्याची मुहम्मद अलीशी झालेली भेट नोंदवली आहे. बरोबरच्या पेटीत मदिनेच्या खजिन्यातले उरलेले होते, त्यात कुराणाच्या प्रती, मोती आणि एक पाचू. डिसेंबर १८१८ मध्ये इस्तंबूलमध्ये अब्दुल्लाचा शिरच्छेद झाला. शेखचा नातू सुलैमान, जो विद्वान म्हणून नावाजलेला होता, त्याला आधी रबाबाचे संगीत जबरदस्तीने ऐकवून मग गोळ्या घातल्या. संगीताला तो निषिद्ध मानत असे. राजघराण्यातले आणि शेखच्या घराण्यातले कितीतरी जण कैरोला बंदी म्हणून गेले. शरणागतीच्या वेळी दिलेले वचन पुढच्या वर्षी मोडले गेले. मुहम्मद अलीच्या हुकमावरून घरे पाडली, तट ढासळवले आणि बागांतली खजुरीची झाडे तोडली. वाळवंटी गावात खजुरी तोडणे म्हणजे पुढच्या पिढीचे जगणे तोडणे.

या शेवटाशी मुंबईचाही संबंध आला. आखातातले रास अल-खैमाचे कवासिम दर्यावर्दी दिरियाची शिकवण मानत, आणि त्यांच्या जहाजांचा इंग्रजांच्या व्यापाराशी झगडा चालू होता. मुंबई इलाख्याने १८०९ मध्ये त्यांच्यावर एक मोहीम धाडली होती. दिरिया पडल्याची बातमी आली तेव्हा इंग्रजांना वाटले की इब्राहिम पाशाच्या मदतीने कवासिमांचा कायमचा बंदोबस्त करता येईल. त्यासाठी कॅप्टन सॅडलियर याला अभिनंदनाचे पत्र आणि मानाची तलवार देऊन मुंबईहून पाठवले. तो कातीफला उतरला तेव्हा इब्राहिम परतीच्या वाटेवर होता. त्याला गाठण्यासाठी सॅडलियरला अख्खे अरबस्तान ओलांडावे लागले. ऑगस्ट १८१९ मध्ये तो दिरियातून गेला तेव्हा तिथे ओसाड ढिगारे होते. मदिनेच्या परिसरात त्याने अखेर पाशाला गाठले, पण मदत काही मिळाली नाही. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत अरबस्तान पार करणारा हा पहिला नोंदलेला युरोपी माणूस, आणि त्याची रोजनिशी १८६६ मध्ये मुंबईतच छापली गेली. १८१९ च्या अखेरीला मुंबईहून रास अल-खैमावर गेलेल्या मोठ्या मोहिमेचा सेनापती सर विल्यम ग्रँट कीर होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने सावंतवाडी संस्थानातले निवती आणि रेडीचा यशवंतगड हे किल्ले घेतले होते.

भारतात ‘वहाबी’ हा शब्द याच काळात पोहोचला आणि सय्यद अहमद बरेलवी यांच्या अनुयायांना इंग्रजांनी तो चिकटवला. बरेलवींची चळवळ मात्र दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांच्या परंपरेतून आलेली होती, आणि तिला दिरियाची शाखा मानणे चूक आहे.

इजिप्ती फौजांना नज्दमध्ये पाय रोवता आले नाहीत. पळून वाचलेला तुर्की इब्न अब्दुल्ला याने १८२४ मध्ये रियाध घेतले आणि घराण्याचे राज्य पुन्हा उभे केले. उद्ध्वस्त दिरिया त्याने राजधानी म्हणून निवडली नाही. तेव्हापासून सौदी सत्तेचे केंद्र रियाधच राहिले. वादीच्या काठावर हळूहळू पुन्हा शेतकरी वसले. तुरैफचे ढासळलेले मातीचे वाडे बरीच वर्षे तसेच उघडे पडून होते, आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद केली.